धन्यवादित निकोलस स्टेनो व सर्पजिव्हांचे रहस्य

गेल्या पावसाळ्यात धर्मशिक्षणाच्या वर्गात एका चुणचुणीत मुलाने आम्हास प्रश्न केला. प्राण्यांचे दगड झालेले अवशेष कोट्यवधी वर्षांपूर्वीचे आहेत, असे शाळेच्या पुस्तकात छापले आहे. ते खरे मानले तर पाप लागते काय? वर्गात हशा पिकला, पण मुलगा हसत नव्हता. घरी कोणा वडीलधाऱ्याने त्यास ह्याच गोष्टीवरून दटावले होते, असे मागाहून समजले. पाप लागत नाही, एवढे उत्तर आम्ही तेथल्या तेथे दिले; परंतु तेवढ्याने त्याचे समाधान झाले नाही, हे त्याच्या मुद्रेवरून दिसत होते. पुढे महोत्सवाच्या ह्या स्मरणिकेकरिता काही लिहून देण्याची सूचना आली, तेव्हा त्या मुलाचे ऋण ह्याच निमित्ताने फेडावे असे मनात आले. कारण दगडात गवसणारे दात, शिंपले व हाडे ही एके काळी जिवंत प्राण्यांची होती, हे ज्या थोड्या पुरुषांनी जगास पटवून दिले, त्यांतील अग्रणी पुरुष पवित्र ख्रिस्तसभेचा बिशप होता आणि आज तो वेदीवरच्या मानास पात्र झालेला आहे. आमच्या लोकांस त्याचे नाव फारसे ठाऊक नाही, ही खेदाची गोष्ट होय.

त्याचे मूळ डॅनिश नाव नील्स स्टेन्सेन. त्या काळी विद्वान लोक लॅटिन भाषेत ग्रंथ लिहीत व नावही लॅटिन करून घेत. त्यामुळे नील्सचा निकोलस झाला व पुढे स्टेनो हेच नाव रूढ झाले. त्याचा जन्म डेन्मार्कची राजधानी कोपनहेगन येथे, तेथील जुन्या पंचांगाप्रमाणे १ जानेवारी १६३८ रोजी झाला. बाप सोनार होता व राजा चौथा ख्रिश्चन ह्याच्या दरबाराचे काम त्याच्याकडे असे. घराणे लूथरपंथी. तिसऱ्या वर्षापासून सहाव्या वर्षापर्यंत नील्स दुखणाईत होता. त्यामुळे समवयस्क मुलांत खेळण्याऐवजी मोठ्या माणसांची धर्मविषयक संभाषणे ऐकण्यातच त्याचे बालपण गेले. सहा वर्षांचा असतानाच त्याच्या डोक्यावरचे पितृछत्र हरपले. मूस, साचा, ओतीव काम, कसोटी ह्या गोष्टी मात्र त्या घरात त्याने पाहिल्या होत्या. वाचकांनी हे ध्यानात ठेवावे. साच्याचा विषय आम्हास पुढे पुन्हा काढावयाचा आहे.

१६५४ साली कोपनहेगनमध्ये महामारीचा उद्भव होऊन त्याचे कित्येक सहाध्यायी दगावले. १६५६ साली तो तेथील विद्यापीठात वैद्यकीचा विद्यार्थी झाला. तेथे त्यास टोमास बार्थोलिन ह्यासारखा नामांकित शरीरशास्त्रज्ञ गुरू लाभला. परंतु लवकरच स्वीडनच्या फौजेने नगरास वेढा घातला व विद्यार्थ्यांस तटावर पहारे करणे भाग पडले. अशा धामधुमीत, १६५९ साली, एकवीस वर्षांच्या ह्या तरुणाने एक टिपणवही लिहिली. तिला त्याने येशूच्या नावाने आरंभ केला आणि गोंधळ ह्या अर्थाचे नाव दिले. समुद्रापासून दूर असलेल्या ठिकाणी दगड झालेले शिंपले व मासे सापडतात ते कसे, ह्याविषयीचे टिपण त्या वहीत आढळते. म्हणजे हा प्रश्न त्याच्या मनात फार लवकर रुजला होता. उत्तर मिळावयास मात्र एका मुशीची वाट पाहावी लागली.

तत्पूर्वी त्याची ख्याती निराळ्याच विद्येत झाली. १६६० साली ॲमस्टरडॅम शहरी एका मेंढीच्या मुंडक्याची चिरफाड करीत असता, कानापुढील ग्रंथीतून तोंडात लाळ आणणारी नलिका त्यास सापडली. वैद्यकीत ती आजही त्याच्या नावाने ओळखली जाते. ह्या शोधाच्या श्रेयावरून ज्याच्या घरी तो उतरला होता त्या अध्यापकाशीच त्याचा कडाक्याचा वाद झाला. तो प्रकार येथे विस्ताराने सांगण्याजोगा नाही. पुढे लायडनच्या विद्यापीठात त्याने हृदयाची तपासणी केली. हृदय हे चैतन्याचे व उष्णतेचे गूढ आगर आहे, अशी प्राचीनांपासून चालत आलेली समजूत होती. स्टेनो ह्यांनी ते कापून, तंतू तंतू वेगळे करून पाहिले आणि हृदय हा एक स्नायू आहे, त्याहून निराळे त्यात काही नाही, असे जाहीर केले. १६६५ साली पॅरिसमध्ये मेंदूविषयी व्याख्यान देताना, मेंदूबद्दल आपणास फारच थोडे कळते, अशी कबुली त्यांनी भर सभेत दिली. थोर तत्त्ववेत्ता देकार्त ह्याने मेंदूतील एका ग्रंथीस आत्म्याचे आसन ठरविले होते. ती ग्रंथी त्याने वर्णन केल्याप्रमाणे हालतच नाही, हे स्टेनो ह्यांनी विच्छेदनाने दाखविले. आधी डोळ्यांनी पाहावे व मग बोलावे, ही त्यांची रीत अशी ठरून गेली होती.

१६६६ साली ते इटलीत आले. फ्लॉरेन्सचा ग्रँड ड्यूक दुसरा फर्डिनांडो दे मेदिची हा विद्येचा चाहता. त्याने त्यांस आश्रय दिला व सांता मारिया नुओव्हा ह्या इस्पितळात जागा दिली. त्याच वर्षी लिव्होर्नो बंदरात ख्रिस्तशरीराच्या सणाची मिरवणूक त्यांनी पाहिली. पवित्र साक्रामेंतापुढे सारा गाव गुडघे टेकीत आहे हे पाहून ह्या लूथरपंथी वैद्याच्या मनात असा विचार आला की, ही भाकर केवळ भाकरच असेल तर हे सर्व लोक वेडे ठरतात; आणि ती खरोखरच ख्रिस्ताचे शरीर असेल तर आपण येथे ताठ उभे राहून काय करीत आहोत? हा काटा त्यांच्या मनात दीड वर्ष सलत होता.

त्याच लिव्होर्नोजवळ १६६६ च्या ऑक्टोबरात कोळ्यांनी एक प्रचंड मुशी पकडली. ड्यूकच्या कानी ही वार्ता जाताच, तिचे डोके तोडून फ्लॉरेन्सला पाठवावे व स्टेनो ह्यांनी ते तपासावे, असा त्याने हुकूम केला. आमच्या किनाऱ्यावरील बंधूंस मुशीच्या जबड्याचे वर्णन सांगण्याची आवश्यकता नाही. एका ओळीमागे दुसरी, दुसरीमागे तिसरी, अशा दातांच्या रांगाच रांगा. पुढचा दात झडला की मागचा त्याच्या जागी सरकतो. स्टेनो ह्यांनी ते दात हाती घेऊन न्याहाळले आणि त्यांस मोठे नवल वाटले. हुबेहूब असलेच त्रिकोणी, टोकदार, कडेस करवतीसारखे दाते असलेले दगड त्यांनी पुष्कळ वेळा पाहिले होते. युरोपातील औषधविक्यांच्या दुकानांत ते विकत मिळत व त्यांस जिव्हापाषाण असे म्हणत.

ह्या जिव्हापाषाणांची कथा मोठी मौजेची आहे. ते ग्रहणाच्या वेळी आकाशातून पडतात, असे प्राचीन रोमन ग्रंथकार प्लिनी ह्याने लिहून ठेवले होते. माल्टा बेटावर ते विपुल सापडत, आणि तेथील भाविक लोक त्यांचा संबंध संत पौलाशी जोडीत. प्रेषितांच्या कृत्यांच्या अठ्ठाविसाव्या अध्यायात, जहाज फुटून संत पौल त्या बेटावर आला असता त्याच्या हातास सापाने विळखा घातला, पण त्यास काही इजा झाली नाही, ही हकीकत आपण वाचतो. तिच्यावर पुढे लोकांनी अशी पुरवणी जोडली की, संताने त्या बेटावरील सर्पांस शाप दिला व त्यांच्या जिभांचे दगड झाले. मग हे दगड विषबाधेवर रामबाण समजले जाऊ लागले. राजेरजवाडे ते पेल्याजवळ टांगीत व सामान्य जन गळ्यात बांधीत. पवित्र शास्त्रात ह्यातले अक्षरही नाही, हे सांगणे नलगे. असली पुरवणी आमच्याकडेही काही कमी नाही; परंतु तो विषय सणाच्या दिवशी नको.

हे दगड म्हणजे मुशीचेच दात आहेत, असे म्हणणारे स्टेनो पहिले नव्हते. नेपल्सच्या फाबियो कोलोन्ना ह्याने १६१६ साली तसे लिहिले होते. त्याहून पूर्वी लिओनार्दो दा विंचीने डोंगरातील शिंपल्यांविषयी आपल्या खासगी वह्यांत अचूक तर्क केला होता, आणि स्टेनो ह्यांच्याच काळी लंडनमध्ये रॉबर्ट हूक हाही त्याच दिशेने विचार करीत होता. तथापि बहुसंख्य विद्वानांचे मत निराळे होते. पृथ्वीच्या पोटात एक घडविणारी शक्ती आहे व तीच दगडात दातांचे, शिंपल्यांचे, माशांचे आकार सहज लीलेने उमटविते, असे ते समजत. रोम येथील प्रख्यात येशूसंघीय पंडित फादर आथानासियुस किर्शर ह्यांनीही १६६५ साली प्रसिद्ध केलेल्या आपल्या भव्य ग्रंथात ह्या शक्तीस मोठे स्थान दिले आहे. आज ह्या मतास हसणे सोपे आहे. परंतु समुद्रापासून कित्येक कोस दूर, डोंगराच्या माथ्यावर, मुशीचा दात कसा पोहोचला, ह्याचे उत्तर ज्यास देता येत नव्हते त्याने दुसरे काय म्हणावे?

स्टेनो ह्यांचे थोरपण येथे दिसते. त्यांनी केवळ सादृश्य दाखवून विषय सोडला नाही. दगडाची उलटतपासणी केली. हे दात दगडाच्या आत वाढले असते, तर वाढताना त्यांनी आजूबाजूचा दगड फोडला असता व स्वतः वेडेवाकडे झाले असते. झाडाचे मूळ खडकाच्या फटीत शिरते तेव्हा खडक तडकतो व मूळही चेपते. जिव्हापाषाण मात्र सर्वत्र एकाच आकाराचे. भोवतालच्या दगडास तडा नाही, उलट दाताची बारीक नक्षी दगडावर उमटलेली. सोनाराच्या मुलास ह्याचा अर्थ कळावयास वेळ लागला नाही. ज्याचा ठसा उमटतो ते आधी कठीण असते, ज्यावर उमटतो ते तेव्हा मऊ असते. तेव्हा दात आधीचा, दगड मागाहूनचा. तो दगड एके काळी पाण्याखालील गाळ होता, आणि जेथे आज डोंगर आहे तेथे पूर्वी समुद्र होता. १६६७ साली त्यांनी हे विवेचन मुशीच्या डोक्याच्या वर्णनासह छापून काढले. चित्रासाठी रोमच्या मिकेले मेर्काती ह्या दिवंगत वैद्याने पोपमहाशयांच्या संग्रहाकरिता करविलेला तांब्याचा पत्रा वापरला. आपले म्हणणे त्यांनी अनुमान म्हणूनच मांडले. कोठेही आग्रहाचा सूर नाही.

प्राण्याचा दगड होतो तो कसा, हे येथे थोडे अधिक सांगतो. कारण आमच्या त्या लहान प्रश्नकर्त्यास हेच हवे आहे. प्राणी मेला की त्याचे मांस कुजते अथवा दुसरे प्राणी खातात. शेकडा नव्याण्णवांचा तेथेच शेवट होतो. मागे काही उरत नाही. परंतु एखादा प्राणी नदीच्या मुखाशी वा समुद्रतळाशी पडून त्यावर लवकर गाळ साचला, तर हाड, दात, कवच असले कठीण भाग हवेपासून सुरक्षित राहतात. मुशीच्या अंगात खरे हाड नसते. नाकाच्या शेंड्यास असते तसल्या लवचीक कूर्चेचा तिचा सांगाडा, तो सहसा टिकत नाही. दात मात्र अतिशय कठीण. आणि एक मुशी आयुष्यात हजारो दात टाकते. म्हणूनच माल्टात दात ढिगांनी मिळतात व मुशी मिळत नाही! वर्षे लोटतात, गाळावर गाळ चढतो, खालचा दबून घट्ट होतो. त्यातून झिरपणाऱ्या पाण्यात चुना, गारगोटीचे द्रव्य, लोह इत्यादी विरघळलेले असतात. ते हाडाच्या सूक्ष्म छिद्रांत बसून राहतात. कधी मूळ द्रव्य कणाकणाने विरघळून जाते व त्याच्या जागी कणाकणानेच दगड येतो. आकार तोच, पदार्थ दुसरा. कधी शिंपला पुरताच विरघळून पोकळी तेवढी राहते. तो झाला साचा. आणि त्या साच्यात पुन्हा खनिज भरले म्हणजे झाले ओतीव काम. काही शिंपले जसेच्या तसे, काहींचे द्रव्य बदललेले, तर काहींची नुसती पोकळी राहिलेली, हे भेद स्टेनो ह्यांनी स्वतः हेरून लिहून ठेवले आहेत.

पोवळ्यांची गोष्ट ह्याहूनही अद्भुत आहे. ज्या लिव्होर्नो बंदरात ती मुशी आली, तेच बंदर त्या शतकात व पुढील शतकात भूमध्यसमुद्रातील लाल पोवळ्यांची मोठी पेठ होती. तेथील व्यापारी पोवळी गोव्यास पाठवीत व मोबदल्यात हिरे नेत. आमच्या पणज्यांच्या गळ्यातील एखादी पोवळ्यांची माळ त्या वाटेने आलेली असणे अगदी संभवनीय आहे. त्या काळी पोवळे ही पाण्यात मऊ असणारी व हवा लागताच कठीण होणारी वनस्पती आहे, अशी समजूत होती. ते प्राण्यांचे काम आहे, हे अठराव्या शतकात पेसोनेल नावाच्या फ्रेंच वैद्याने दाखविले, तेव्हा पॅरिसच्या पंडितांनी प्रथम त्याची थट्टाच केली. समुद्रातले पाषाणी प्रवाळ बांधणारा प्राणी टाचणीच्या डोक्याएवढाही असू शकतो. तो पाण्यातील चुना घेऊन आपल्याखाली कठीण बैठक रचितो. तो मेला की त्याच्या बैठकीवर पुढचा आपली बैठक घालतो. अशा रीतीने हजारो वर्षांत प्रवाळाचा डोंगर उभा राहतो. प्रवाळास दगड होण्याकरिता दूर जावे लागत नाही. ते अर्धे दगड असतेच. पुरले गेल्यावर त्याच्या चुन्याचे स्फटिक निराळ्या, अधिक टिकाऊ जातीत पालटतात, पोकळ्या भरून येतात, आणि सबंध भिंत चुनखडीचा खडक बनते. इटलीच्या उत्तरेस डोलोमाइट नावाचे जे उत्तुंग पर्वत आहेत, त्यांतील कित्येक कडे हे असेच प्राचीन प्रवाळभित्तींचे व त्यांच्या आसपास साचलेल्या चुन्याचे अवशेष होत.

आणखी एक नवल. काही प्रवाळ रोज एक अतिशय बारीक रेषा आपल्या अंगावर वाढवितात. अमेरिकेतील जॉन वेल्स ह्या शास्त्रज्ञाने १६ व्या नव्हे, आमच्याच विसाव्या शतकात, १९६३ साली, सुमारे ३८ कोटी वर्षांपूर्वीच्या जीवाश्म प्रवाळांवरील ह्या रेषा मोजल्या. एका वर्षाच्या वाढीत त्यांस ३६५ नव्हे, तर सुमारे ४०० रेषा आढळल्या. म्हणजे त्या काळी वर्षात ४०० दिवस होते, व दिवस आजच्या सुमारे २२ तासांचा होता! भरतीओहोटीच्या घर्षणाने पृथ्वीची गिरकी अतिशय मंद गतीने कमी होत आली आहे, असे ज्योतिषी गणिताने सांगत होते. त्यास ह्या दगडी पंचांगाने दुजोरा दिला.

आता पुन्हा चरित्राकडे वळतो. मुशीचा निबंध लिहून झाल्यावर स्टेनो टस्कनीच्या डोंगरांत, खाणींत व किनाऱ्यांवर फिरले, आणि १६६९ साली फ्लॉरेन्स येथे त्यांनी सुमारे ८० पानांचे एक लहानसे पुस्तक छापले. एका घन पदार्थाच्या पोटात नैसर्गिक रीत्या सामावलेला दुसरा घन पदार्थ, हा त्याचा विषय. ती पुढील मोठ्या ग्रंथाची केवळ प्रस्तावना असावयाची होती. तो ग्रंथ कधीच लिहिला गेला नाही. परंतु भूस्तरशास्त्राचा पाया ह्याच प्रस्तावनेत आहे. गाळाचे थर एकावर एक साचतात, सबब खालचा थर आधीचा व वरचा नंतरचा. थर साचताना आडवा असतो. तो तिरपा वा उभा दिसला तर मागाहून जमीन खचली अथवा उचलली गेली असे जाणावे. आणि थर दरीच्या दोन्ही अंगांस सारखाच आढळला, तर तो पूर्वी सलग होता असे जाणावे. आज हे इतके उघड वाटते की, कोणास सुचलेच नव्हते ह्याचे आश्चर्य होते. ह्या नियमांच्या बळावर त्यांनी टस्कनीच्या भूमीचा इतिहास सहा अवस्थांत लिहून दाखविला. त्यापूर्वी इतिहास माणसांनी लिहिलेल्या कागदांवरून लिहीत; येथे जमिनीनेच साक्ष दिली.

आमच्या सह्याद्रीस पायऱ्यांसारखे थर दिसतात, ते मात्र गाळाचे नव्हत. एकामागून एक वाहत आलेल्या ज्वालारसाचे ते थर. त्यात मुशीचे दात शोधणे व्यर्थ होय. तरी खालचा थर जुना हा नियम तेथेही लागू पडतो. दोन ज्वालाप्रवाहांच्या मधल्या काळात साचलेल्या तळ्यांच्या गाळात क्वचित जीवाश्म मिळतात. मुंबईस वरळीच्या टेकडीत असेच इवल्या बेडकांचे सांगाडे निघाले व १८४७ साली रिचर्ड ओवेन ह्या इंग्रज पंडिताने त्यांचे वर्णन प्रसिद्ध केले. ते सुमारे ६.५ कोटी वर्षांपूर्वीचे आहेत.

स्टेनो ह्यांच्या चुकाही सांगितल्या पाहिजेत. चरित्र म्हणजे आरती नव्हे. वर्षांचा एवढा अफाट पसारा त्यांच्या कल्पनेतही नव्हता. त्यांच्या समकालीनांप्रमाणे तेही सृष्टीचे वय काही हजार वर्षेच धरीत आणि शिंपले नोहाच्या जलप्रलयाच्या सुमाराचे समजत. व्होल्तेरा नगराच्या अतिप्राचीन तटाच्या दगडांत त्यांस शिंपले दिसले. नगर रोमहून जुने, दगड नगराहून जुना, शिंपला दगडाहून जुना, असा चढता हिशेब करून ते प्रलयापर्यंत पोहोचले. आरेत्सोजवळच्या शेतांत प्रचंड हाडे निघत, ती हॅनिबालने रोमवरील स्वारीत आणलेल्या हत्तींची असे त्यांनी मानले. वस्तुतः ती लाखो वर्षांपूर्वी नामशेष झालेल्या हत्तींच्या जातीची होत. पृथ्वीचे वय सुमारे ४५४ कोटी वर्षे आहे, आणि माल्टाचे जिव्हापाषाण ज्या थरांत मिळतात ते सुमारे ७० लाख ते २.५ कोटी वर्षांपूर्वीचे. काळाचे माप त्यांचे चुकले. थरांचा क्रम मात्र चुकला नाही. हे माप पुढच्या लोकांनी दुरुस्त केले, तेही त्यांच्याच नियमांनी. तसेच हे पुस्तक छापण्यास धर्माधिकाऱ्यांनी अडथळा केला नाही, हेही सांगून ठेवतो. ते तपासण्याचे काम विव्हियानी व रेदी ह्या दोघा शास्त्रज्ञांकडे दिले गेले व दोघांनी त्यास संमती दिली. विव्हियानी हा तर गॅलिलिओचा अखेरचा शिष्य. त्याच्या गुरूस केवढा जाच झाला हे वाचकांस विदित आहे, आणि ते आम्ही लपवू इच्छीत नाही.

ह्याच काळात त्यांच्या अंतःकरणात दुसरे विच्छेदन चालले होते. फ्लॉरेन्समधील एका मठात औषधालय सांभाळणारी मारिया फ्लाविया देल नेरो नावाची धर्मभगिनी आणि लुक्काच्या वकिलाची पत्नी लाव्हिनिया आर्नोल्फिनी ह्या दोघींशी त्यांची धर्मचर्चा होई. त्यांनी ग्रीक व हिब्रू भाषांतील पवित्र शास्त्र व आद्य ख्रिस्ती आचार्यांची लिखाणे मुळातून पडताळून पाहिली. जशी मुशी पाहिली तसेच हेही पाहिले. १६६७ च्या नोव्हेंबरात, मृतांच्या स्मरणदिनी, त्यांचा निश्चय झाला व त्याच वर्षी ते कॅथॉलिक ख्रिस्तसभेत सामील झाले. मुशीचा निबंध व हा निर्णय एकाच वर्षातले आहेत, हे आम्हास लक्षणीय वाटते. संत पौलाच्या नावाने चाललेली सर्पजिव्हांची कथा ज्याने मोडून काढली, तोच काही महिन्यांत संत पौलाच्या वेदीपुढे गुडघे टेकीत होता.

१६७२ साली डेन्मार्कच्या राजाने त्यांस शरीररचनेचे काम करण्यास मायदेशी बोलावले. परंतु ते कॅथॉलिक असल्यामुळे विद्यापीठात त्यांस अध्यापकाचे आसन मिळेना, आणि धर्मावरून खटके उडू लागले. दोन वर्षांत ते परत फिरले. १६७५ साली फ्लॉरेन्स येथे त्यांस गुरुदीक्षा मिळाली. १६७७ साली रोममध्ये कार्डिनल ग्रेगोरियो बार्बारिगो ह्यांच्या हस्ते, जे पुढे संतपदास चढले, त्यांचा बिशप म्हणून अभिषेक झाला. त्या समारंभाकरिता ते फ्लॉरेन्सहून रोमपर्यंत पायी गेले. उत्तर युरोपातील विखुरलेल्या कॅथॉलिकांची जबाबदारी त्यांजकडे देण्यात आली.

त्याच १६७७ सालची एक गोष्ट आम्हास खटकते. हॉलंडमध्ये असताना तत्त्ववेत्ता स्पिनोझा ह्याच्याशी त्यांचा परिचय होता. त्याच्या मृत्यूनंतर त्याच्या नीतिविषयक ग्रंथाची हस्तलिखित प्रत त्यांच्या हाती आली व ती त्यांनी रोमच्या धर्मन्यायालयाकडे तक्रारीसह सोपविली. ती प्रत २०१० साली व्हॅटिकनच्या ग्रंथालयात सापडली. जुन्या स्नेह्याच्या विचारांस विचारांनीच उत्तर द्यावयाचे सामर्थ्य ज्याच्या अंगी होते, त्याने हा मार्ग घ्यावयास नको होता, असे आम्हास वाटते. त्यातही दैवाची मौज अशी की, त्या ग्रंथाची मूळ हस्तलिखितावरील एवढीच प्रत आज जगात उरली आहे.

हानोव्हरच्या दरबारी त्यांची व तत्त्ववेत्ता लायबनिट्स ह्याची गाठ पडली. एवढ्या थोर शास्त्रज्ञाने शोध सोडून उपदेश का धरावा, ह्याची लायबनिट्सला हळहळ वाटे. १६८० साली स्टेनो म्युन्स्टरला साहाय्यक बिशप होऊन गेले व खेडोपाडी पायी हिंडून मिस्सा, उपदेश, पापनिवेदने ह्यांत रमले. १६८३ साली तेथील बिशप वारले व नव्या बिशपाच्या निवडणुकीत पैशाचा व्यवहार झाला. स्टेनो ह्यांनी निषेध केला आणि जागा सोडून हांबुर्गची वाट धरली. त्यांनी गप्प राहावयाचे ठरविले असते, तर शेवटपर्यंत सुखात राहते. अंगठी व क्रूस विकून त्यांनी गरिबांस अन्न दिले. स्वतः जुनेर झगा घालून हिंडत व आठवड्यातून कित्येक दिवस भाकरी व पातळ पेय ह्यांवरच राहत. १६८५ साली श्वेरिन गावी मूठभर कॅथॉलिकांकरिता ते साधे मिशनरी म्हणून राहिले. तेथेच पोटाच्या दारुण वेदनांनी ५ डिसेंबर १६८६ रोजी, अठ्ठेचाळिसाव्या वर्षी, त्यांनी देह ठेविला. जवळ अंतिम संस्कार देण्यास दुसरा धर्मगुरू नव्हता.

ग्रँड ड्यूक तिसरा कोझिमो ह्याने त्यांचा देह फ्लॉरेन्सला आणवून सान लोरेन्झो मंदिराच्या तळघरात ठेवविला. त्यानंतर शास्त्रज्ञ त्यांस जवळजवळ विसरले होते. १८८१ साली बोलोन्या येथे जगातील भूशास्त्रज्ञांची परिषद भरली, तेव्हा त्यांतील अनेक जण मुद्दाम फ्लॉरेन्सला गेले व त्यांच्या कबरीचे दर्शन घेऊन स्मारकशिला बसविण्याची व्यवस्था केली. त्यांत नाना पंथांचे व कोणत्याही पंथाचे नसलेलेही गृहस्थ होते. १९५३ साली देह वर आणून एका लहान चॅपलात, आद्य ख्रिस्ती काळातील दगडी पेटीत ठेवण्यात आला. २३ ऑक्टोबर १९८८ रोजी पोप जॉन पॉल दुसरे ह्यांनी त्यांस धन्यवादितांच्या मालिकेत गणिले.

त्यांचा सण ५ डिसेंबरला येतो. आमच्याकडे त्याच्या दोनच दिवस आधी संत फ्रान्सिस झेवियरचा सण असतो. लोक जुन्या गोव्याहून थकून परतलेले असतात, आणि त्या सकाळच्या मिस्सेस सहसा चार म्हाताऱ्या बायका व एक घंटा वाजविणारा मुलगा एवढेच हजर असतात. ह्या वर्षी घंटा वाजविण्याची पाळी त्या प्रश्नकर्त्याचीच आहे.